पावसाची वही

१६ जून

आज शाळा उघडली. नव्या पुस्तकांचा वास, औक्षण, पहिलीतल्या पोरांची रडारड, यातच दुपार झाली. मधल्या सुट्टीनंतर पाचवी ते सातवीच्या मुलांना एकत्र बसवलं आणि टीव्हीवर शाश्वत विकासाची फिल्म लावली. बर्फ वितळतोय, तरंगत्या तुकड्यावर पांढरं अस्वल एकटंच उभं आहे. मुलं अस्वलासाठी हळहळली. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेली सतरा ध्येयं त्यांनी गेल्याच वर्षी पाठ केलेली आहेत, ती घडाघडा म्हणून दाखवली. सहावं ध्येय म्हणताना, म्हणजे नेमकं पाण्याचं, बाहेर टँकरचा हॉर्न वाजला आणि अर्धा वर्ग खिडकीशी गेला. आईबाप रानात असले की टँकरखाली हंडे लावायचं काम याच पोरांचं.

मी टीव्ही बंद केला. पाण्याचा धडा दारात उभा असताना मुलांना ध्रुवावर न्यायची घाई का करायची? यंदा फोन, टॅब, टीव्ही सगळं वापरायचं, पण सुरुवात आपल्या शिवारातून.

२३ जून

मृग कोरडा गेला, आर्द्रा लागली. आज पर्जन्यमापक केला. सरळ अंगाची प्लॅस्टिकची बाटली घेतली. वरचा निमुळता भाग कापून तो नरसाळ्यासारखा उलटा बसवला. तळ खोलगट असतो म्हणून खडे टाकले, ते बुडेपर्यंत पाणी ओतलं आणि तिथं शून्याची रेघ मारली. शेजारी पट्टी चिकटवली. आडोसा नाही अशी जागा मुलांनीच शोधली, झेंड्याच्या कट्ट्याजवळ.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे फळ्यावर लिहिलं. कुंपणापाशी एका मुलीचे आजोबा, आबा, ऐकत उभे होते. म्हणाले, "बाई, मिलिमीटर कशाला? बोटभर वल, वीतभर वल, आमचं माप ठरल्यालं हाय."

आबांचं खरं होतं. पाऊस किती पडला हे बाटली सांगते. किती मुरला हे ओल सांगते. वहीत रकाने आखले ते असे: तारीख, नक्षत्र, मिलिमीटर, ओल. ओल खुरप्यानं उकरून मोजायची. रोज सकाळी साडेआठला नोंद, आणि ती शाळेच्या फोनवरच्या तक्त्यात दर शनिवारी चढवायची.

७ जुलै

आज गूगल अर्थ. गावात रेंज नाही, म्हणून फोन आणि टॅब घेऊन सगळे टेकडीवरच्या देवळापाशी गेलो. आधी आपला सातारा जिल्हा पाहिला. पश्चिमेला गर्द हिरवा पट्टा, मध्ये कोयनेचं लांबच लांब पाणी, आणि पूर्वेकडे सरकावं तसा विरत जाणारा रंग. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आमच्या माण तालुक्यात पाचशेच्या आतबाहेर. अंतर सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाही. सह्याद्रीवर ढग रिकामे होतात आणि आपण त्याच्या पर्जन्यछायेत, हे वाक्य भूगोलात दरवर्षी शिकवते. आज मुलांनी ते बोटानं सरकवत पाहिलं.

मग जुनी चित्रं उघडली. टाइमलॅप्समध्ये १९८४ पासूनची उपग्रहचित्रं एकामागून एक सरकतात. फार बारीक दिसत नाही, पण गावाचा पाझर तलाव ओळखू आला. १९७२ च्या दुष्काळात आबांच्या पिढीनं सुकडी खाऊन, खडी फोडून, माती वाहून बांधलेला तलाव. जुन्या चित्रांत तिथं गडद ठिपका, अलीकडच्या चित्रांत फिका.

"पाऊस कमी झाला, बाई," एक जण म्हणाला.

"कशावरून?" मी विचारलं. उत्तर आलं नाही. टेकडी उतरून घरी न जाता सगळे तलावाकडे वळलो. पात्रात काठी खुपसली तर ती सहज आत गेली. पाचवीतला एक जण गुडघ्यापर्यंत रुतला, त्याला दोघांनी ओढून काढला. तलाव गाळानं भरला आहे. पाऊस पडतो, पण साठायला जागा कुठं आहे! हे वरून दिसत नव्हतं, त्यासाठी पाय चिखलात घालावे लागले. पण वरून पाहिलं नसतं तर कुणी तिकडे फिरकलंही नसतं. मला हे दोन्ही हवं आहे, आणि याच क्रमानं.

९ ऑगस्ट

आश्लेषा. शनिवारचा तक्ता चढवला आणि आलेख उघडला. मध्येच एक दांडी आभाळाला भिडलेली. ४१ मिलिमीटर! दोन पोरं आनंदानं ओरडली. पण सातवीतली एक मुलगी गप्प होती. तिच्या घरी फोन नाही. आई रोजगाराला जाते, वडील मेंढरं घेऊन चार महिने बाहेर. कागदाची वही मी तिच्याकडेच दिलेली आहे. तिनं पान उलटलं आणि म्हणाली, "बाई, त्या दिवशी ओल बोटभर बी नव्हती. एकेचाळीस कसा असंल?"

वहीत ४.१ होतं. फोनवर भरताना टिंब राहून गेलं होतं.

दुरुस्ती केली तशी दांडी बसली. आज मी मुलांना फार काही समजावलं नाही, तिच्या वहीतलं ते पान टॅबशेजारी ठेवलं, एवढंच. आकडा पडद्यावर आला म्हणून खरा होत नाही, त्याला साक्ष लागते. आज साक्ष ओलीनं दिली, आणि घरात फोन नसलेल्या मुलीनं दिली. ज्या घरात यंत्र नाही त्या घरातलं मूल मागे पडतं, ही भीती टाळेबंदीच्या काळापासून माझ्या मनात घर करून आहे. पुढच्या आठवड्यापासून फोनवर आकडे भरणारा आणि वहीशी ताडून पाहणारा अशा जोड्या लावणार. पाळी सगळ्यांना, फोन असो वा नसो.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. सातवीच्या मुलांनी वर्ग घेतला, मी मागच्या बाकावर. गणिताचा तास होता, पण त्यांनी विषय निवडला पाण्याचा.

एक एकर म्हणजे ढोबळमानानं चार हजार चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चार हजार लिटर. गावात येणारा टँकर दहा हजार लिटरचा. ओळखीचं माप तेच, म्हणून त्यांनी सगळं टँकरमध्ये मांडलं. वर्षाचा पाचशे मिलिमीटर पाऊस सगळाच्या सगळा मुरला असं धरलं तरी एकरी दोनशे टँकर. शाळूला साडेचारशे मिलिमीटर धरले तर एकशे ऐंशी टँकर. उसाला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास लागतं, म्हणजे आठशे टँकर.

फळ्यापाशी उभ्या मुलीनं आठशेतून दोनशे वजा केले आणि विचारलं, "राहिलेले सहाशे टँकर कुठनं येतात?"

"हिरीतनं," कुणीतरी म्हणालं.

वर्गात एका मुलाच्या घरी दोन एकर ऊस आहे. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. तो लाल झाला, पण बोलला: "उसाच्या पैशावर ताईची नर्सिंगची फी भरली. कांदा दोन वर्सं मातीमोल गेला."

मी उठले. म्हटलं, त्याचा हिशेबही फळ्यावर आला पाहिजे. ऊस कारखाना नेतो, त्याचा किमान दर सरकार ठरवतं. कांद्याला तशी हमी नाही. शेतकरी पाणी उधळायला ऊस लावत नाही, खात्रीसाठी लावतो. शाश्वत विकासाचं शिक्षण पोराला त्याच्या बापासमोर आरोपी म्हणून उभं करणार असेल, तर ते मला द्यायचं नाही. गणितानं प्रश्न उघडा करायचा, माणूस नाही. मग टॅब घेऊन टेकडीवर गेलो, मुलांनी ठिबकचं पाहिलं, आंतरपिकाचं पाहिलं. व्हिडिओ पुष्कळ सापडले. त्यातला कोणता शेतकऱ्याचा आणि कोणता पाइप विकणाऱ्याचा हे ओळखण्यात उरलेला तास गेला, आणि तोही सार्थकी लागला.

१८ सप्टेंबर

उत्तरा. दुपारीच आभाळ भरून आलं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं 'दामिनी' ॲप आम्ही जूनमध्येच शाळेच्या फोनवर घेतलं होतं. आसपास वीज कुठं पडते आहे ते त्यात दिसतं. आज सुट्टीआधी मुलांना टेकडीवर नेऊन ते दाखवायचं ठरवलं होतं, पण गडगडाट ऐकल्यावर बेत रद्द केला. वीज कडाडताना रेंज शोधायला माथ्यावर चढणं म्हणजे जिवाशी खेळ. ॲप उघडो न उघडो, ढग गरजला की झाडाखाली थांबायचं नाही, पक्क्या छपराखाली यायचं, हे सगळ्यांकडून वदवून घेतलं. मेंढरामागं जाणाऱ्या दोन मुलांना पुन्हा वेगळं बसवून सांगितलं.

संध्याकाळी तासभर झोडपलं. छपराच्या पन्हाळीतून पाण्याचा लोट पडत होता आणि तीन मुलं गोणपाट पांघरून व्हरांड्यात बसून छपराची लांबी-रुंदी गुणत होती. शंभर चौरस मीटर. उद्या सकाळी बाटलीत ३८ निघाले तर तीन हजार आठशे लिटर आपल्या डोळ्यांदेखत ओढ्याला गेलं म्हणायचं.

२६ सप्टेंबर

टॅबची बॅटरी फुगली. तो बंद करून बाजूला ठेवला. सहावीतल्या मुलानं विचारलं, "बाई, ह्यो आता कुठं जाणार?" गावात कचरा ओढ्याकाठी जाळतात, हे त्याला ठाऊक आहे. बॅटरी जाळायची नाही, फोडायची नाही, हे लगेच बजावलं. मग सांगितलं की १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी अशा वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी त्या बनवणाऱ्यांवरही टाकली आहे. पण आमच्या वस्तीपासून ती व्यवस्था फार लांब आहे. घराघरांत पडलेले जुने फोन आणि चार्जर गोळा करून तालुक्याला पोचवायचे, असं मुलांनी ठरवलं. ज्या साधनानं पाणी जपायला शिकतो, त्याचंही ओझं मातीवरच पडतं. मुलांना हे माझ्याआधी सुचलं, याचा आनंद झाला.

२ ऑक्टोबर

ग्रामसभा. सरपंचांनी मुलांना दहा मिनिटं दिली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पाणी पाहून पिकं ठरवतात. पोपटराव पवारांच्या त्या गावाची गोष्ट मुलांनी वाचली होती. आज त्यांनी आपल्या गावाचा ताळेबंद मांडला. आधी तलावाची जुनी-नवी चित्रं भिंतीवर, मग वहीतले आकडे नक्षत्रवार. मृग कोरडा, पुष्यात रिमझिम, उत्तरेत सगळ्यात जास्त. जुनी माणसं माना डोलवू लागली. तारखा त्यांच्या ध्यानात नव्हत्या, नक्षत्रं होती.

टँकरचं गणित त्या उसवाल्या मुलानंच वाचलं. त्यानं आपणहून मागून घेतलं होतं. शेवटी म्हणाला, "आमचा बी ऊस हाय. ठिबक केलं तर किती टँकर वाचतील ते मी काढणार हाय." त्याचे वडील मागे उभे होते. काही बोलले नाहीत, शेवटपर्यंत थांबले मात्र.

तलावातला गाळ काढण्यासाठी गाळमुक्त धरण योजनेत अर्ज करायचा ठराव झाला. उसावर ठराव झाला नाही, आणि मी तशी अपेक्षाही धरली नव्हती.

११ ऑक्टोबर

काल चित्रा लागली. शाळूच्या पेरण्या चालल्या आहेत. सकाळी कुंपणाबाहेर एक मोटारसायकल थांबली. उसवाल्या मुलाचे वडील. मला वाटलं, मुलाला न्यायला आले. त्यांनी मला रामराम केला आणि व्हरांड्यात वही घेऊन बसलेल्या मुलीला हाक मारली.

"पोरी, हस्तात किती झाला गं? माळाच्या तुकड्यात यंदा शाळू टाकावा म्हंतो."

तिनं पान उलटलं. बोट ठेवून सगळे आकडे मिळवले, पुन्हा एकदा मिळवून पाहिले. मग म्हणाली, "काका, एकरी चोवीस टँकर. वल वीतभर हाय. पण तुमच्या माळाला किती हाय, ते उकरून बघावं लागंल."

आणि खुरपं आणायला आत पळाली.