भाऊजींची दोन दुखणी

आमचे धाकटे दीर दारू पितात हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यांना आणखी एक दुखणं आहे हे मात्र आम्हा घरातल्यांनाही चार वर्षं कळलं नाही. ते कसं कळलं आणि कळायच्या आधी आम्ही काय काय करून बसलो, ते आज लिहिते आहे. सासूबाई म्हणाल्या, घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला? भाऊजींना विचारलं तर म्हणाले, "लिहा वहिनी. नाव तेवढं घालू नका."

आमचा माण तालुका. इकडं पाऊस पाहुण्यासारखा, आला तर आला. 2012 साली तोही आला नाही. भाऊजींनी दोन वर्षांपूर्वी, लग्न झालं त्याच साली, कर्ज काढून दीड एकर डाळिंब लावलं होतं. टँकरचं पाणी विकत घेऊन झाडं जगवली, पुढं तेही परवडेना. जनावरं चारा छावणीत न्यावी लागली आणि त्यांच्याबरोबर भाऊजी तिथं राहिले. छावणीत रात्री पुरुष माणसं काय करणार? कुणी पत्ते कुटायचं, कुणी बाटली आणायचं. भाऊजी परत आले ते पिणारे होऊनच. छावणीनं आमचा माणूस बिघडवला, असंच आम्ही कैक दिवस म्हणत होतो.

आता आठवते तेव्हा ध्यानात येतं, की बाटलीच्या आधी झोप गेली होती. झाडं वाळायला लागली तेव्हापासूनच भाऊजी पहाटे तीनला उठून अंगणात बसायचे. भाकरी अर्धी टाकून उठायचे. बैलांशीसुद्धा गप्पा मारणारा माणूस, विचारल्याशिवाय बोलेना. एकदा मला म्हणाले, "माझ्यामुळंच घर बुडालं वहिनी." पाऊस पडला नाही त्यात यांचा काय दोष? मी हसण्यावारी नेलं. त्या साली काळजी कुणाला नव्हती? सगळं गाव तोंड पाडून बसलेलं. त्यात आमच्या माणसाचं तोंड निराळं पडलंय हे मला कसं ओळखू यावं!

छावणीत पहिल्यांदा प्याले त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली. हे त्यांनीच पुढं सांगितलं. म्हणजे त्यांच्या दृष्टीनं ते औषधच झालं. पण दारूची झोप खोटी असते. लवकर लागते आणि मध्यरात्रीनंतर मोडते. मग माणूस दुसऱ्या दिवशी थोडी जास्त घेतो. वर्षभरात सकाळी हात कापायला लागले, ते थांबवायला सकाळीही लागू लागली. भांडणं झाली. धाकटी जाऊ लेकराला घेऊन माहेरी गेली.

आता माझी चूक सांगते. 2014 च्या पावसाळ्यात मी आठवड्याच्या बाजारातून एक पुडी आणली. पिणाऱ्याला न सांगता जेवणात घाला, दारू आपोआप सुटते, असं विकणारा सांगत होता. मी ती आमटीत घातली. भाऊजी जेवले, बाहेर जाऊन पिऊन आले आणि तासाभरात त्यांचं तोंड लालभडक झालं. ओकाऱ्या थांबेनात. छाती धडधडायला लागली आणि ओट्यावरच कोसळले. तालुक्याच्या गावी नेऊन सलाईन लावलं म्हणून जगले. पुडीत काय होतं देव जाणे. दारू सोडवायचं डायसल्फिराम नावाचं औषध असतं, त्यावर दारू प्याली की असाच प्रकार होतो, असं मला पुढं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. रक्तदाब उतरून माणूस दगावूही शकतो. म्हणून ते औषध पिणाऱ्याला सांगूनसवरून, त्याची तब्येत तपासूनच द्यायचं असतं. आमटीत पूड मी घातली होती हे मी दोन वर्षं कुणाला बोलले नाही.

तालुक्याहून आणल्यावर आमच्या मालकांनी ठरवलं, आता खोलीतच ठेवायचं, थेंब मिळू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी भाऊजींना फेफऱ्यासारखा झटका आला. तिसऱ्या रात्री ते भिंतीवरचे नसलेले किडे वेचायला लागले. वारलेल्या मामंजींशी बोलायला लागले. आम्हाला ओळखेनात, अंग तापलेलं, घामानं अंथरूण भिजलेलं. शेजारी म्हणाले, हे बाहेरचं आहे. देवऋषी आला, लिंबू झाले, अंगारा झाला. दोन दिवसांनी उतरलं, तेव्हा देवऋषीनं कोंबडं आणि पैसे घेतले. ते भूत नव्हतं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की मेंदूचा असा गोंधळ उडतो आणि त्यात माणूस मरतोही. बहिणींनो, नवऱ्याला किंवा मुलाला कोंडून दारू सोडवायला जाऊ नका. ते काम दवाखान्यातच व्हायला पाहिजे.

त्यानंतर कुणीतरी एक केंद्र सुचवलं. तिथं महिनाभर ठेवलं, पैसेही घेतले. मध्यंतरी एका डॉक्टरांनी भाऊजींना मनाच्या उदासपणाच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. केंद्रात त्या काढून घेतल्या. म्हणाले, गोळी म्हणजेही नशाच. महिन्यानं भाऊजी घरी आले. तोंडाला वास नाही, हात कापत नाहीत. सासूबाईंनी पेढे वाटले. आणि तो माणूस भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. अंघोळ नाही, रानात जाणं नाही. प्यायचे तेव्हा निदान रडायचे, ओरडायचे, आता तेही नाही.

पुन्हा त्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, "आधी वर्षभर दारूपासून दूर राहू दे, मग बघू. पिणाऱ्याला गोळ्यांचा उपयोग नाही." केंद्रात फोन केला तर म्हणाले, "आमच्याकडं डोक्याचे पेशंट घेत नाही, आधी ते बरं करून आणा." एका दारातून दुसऱ्या दारात असं सहा महिने चाललं. प्रत्येकाला आमचा अर्धाच माणूस हवा होता. बैलजोडीतल्या एकालाच वैरण घातली तर नांगर कसा चालणार, हे शेतकऱ्याच्या पोराला कळतं. शिकलेल्यांना का कळू नये, याचा मला अजून राग येतो.

2016 च्या मार्गशीर्षात एका संध्याकाळी माझी लेक घाबरून सांगत आली, "काका औषधाच्या खोलीत अंधारात बसलेत." फवारणीची औषधं ठेवतो ती खोली. मी गेले. भाऊजी नुसतेच बसले होते. मी काही विचारलं नाही, हात धरून बाहेर आणलं आणि रात्रभर दाराशी बसले. पहाटेच्या एस.टी.नं मालक त्यांना घेऊन जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात गेले. मीही गेले.

केसपेपर काढून मनोविकार विभागापुढं तीन तास बसलो. डॉक्टरीणबाई वयानं भाऊजींहून लहान असतील. त्यांनी पहिल्यांदा दारूचं विचारलंच नाही. विचारलं, "झोप कधीपासून गेली?" मग कागदावर एक रेघ ओढून सालं मांडली. लग्न, बाग, दुष्काळ, झोप, छावणी, दारू, केंद्र. त्या रेघेवर मी पहिल्यांदा बघितलं, की झोप छावणीच्या अलीकडं आहे. मग त्यांनी भाऊजींना सरळच विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" मला वाटलं, असं विचारून या उलट डोक्यात भरवताहेत. पण भाऊजींनी मान हलवली आणि ढसाढसा रडले. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, आत कोंडलेला बाहेर येतो, असं बाई म्हणाल्या. घरातली फवारणीची औषधं आजच कुलपात घाला आणि किल्ली त्यांना सापडणार नाही अशी ठेवा, हेही त्याच वेळी सांगितलं. तिथंच मी पुडीची गोष्ट सांगून टाकली. भाऊजी माझ्याकडं बघत राहिले. घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत.

केंद्रातून आल्यावर भाऊजी चोरून पुन्हा प्यायला लागले होते, तेही तिथं उघड झालं. दहा दिवस दाखल करून घेतलं. दारू तोडताना झटका येऊ नये म्हणून गोळ्या दिल्या, त्या रोज कमी करत बंद केल्या. पिणाऱ्याच्या अंगात बी-वन जीवनसत्त्व उरत नाही, त्याची इंजेक्शनं दिली. लिव्हरची तपासणी केली. बाई म्हणाल्या, काही उदासपणा दारूचाच असतो, दारू सुटल्यावर दोन-चार आठवड्यांत आपोआप निवळतो. म्हणून पुष्कळदा थांबून बघतात. पण यांचं दुखणं दारूच्या आधीचं आहे आणि जिवावर बेतलं आहे, इथं थांबायचं नाही. म्हणून उदासपणाची गोळीही त्याच आठवड्यात सुरू केली. तिचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर धीर सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका, असं दोनदा बजावलं. गोळीबरोबर आठवड्याला एकदा बोलायला बसवायचे. दारू सोडलेल्यांची बैठक त्याच आवारात, त्याच दिवशी. एकाच खेपेत दोन्ही कामं व्हायची. एस.टी.चं भाडं मोजणाऱ्या घराला याची किंमत कळते.

हे काही नवीन नाही. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच. अनिताताई स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या. 2017 साली संसदेनं मानसिक आरोग्याचा जो कायदा केला, त्यात दारू आणि इतर नशेमुळं होणारी मनाची दुखणी मानसिक आजारातच धरली आहेत. म्हणजे आपल्या माणसाला या दोन्हींवर उपचार मागताना ओशाळायचं कारण नाही. 2022 पासून 14416 हा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आमच्या वेळी तो नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी भाऊजींनी मला चहा मागितला. एवढंच. पण मागितला.

धाकट्या जावेलाही बाईंनी निरोप पाठवून बोलावून घेतलं. ती पहिल्या दोन खेपांना आली नाही. तिच्या जागी मीही आले नसते. तिसऱ्या वेळी आली, दूर बाकावर बसली. 2018 च्या उन्हाळ्यात ती घरी आली, पण त्याआधी आणखी एक घडलं.

2017 साली गावात निवडणूक लागली. दारू फुकट वाहते हे सांगायला नको. भाऊजी सलग चार दिवस प्याले. मालक म्हणाले, "झालं, सगळं पाण्यात गेलं." मीही खचले. बाईंकडं नेलं तर त्या रागावल्या नाहीत. विचारलं, "गोळी कधी बंद केली?" भाऊजी गप्प. मग म्हणाले, निवडणुकीच्या महिनाभर आधी. बरं वाटत होतं म्हणून. त्यानंतर पंधरा दिवसांनी झोप मोडायला लागली होती, कुणाला सांगितलं नव्हतं. पुन्हा तीच ओळ. आधी गोळी, मग झोप, मग बाटली. आम्ही सगळे निवडणुकीला शिव्या देत होतो.

तेव्हापासून आम्ही घरात एक केलं. भाऊजी घरी आले की सासूबाई तोंडाचा वास घ्यायला जवळ जायच्या, ते बंद. त्याऐवजी सकाळी कुणीतरी विचारतं, "रात्री झोप लागली का?" तीनला उठलो म्हणाले की त्याच आठवड्यात रुग्णालय. असं दोनदा झालं आणि दोन्ही वेळा प्याले नाहीत.

अजून महिन्याला एक खेप असते. गोळी आता कमी केली आहे, बंद नाही. डाळिंब काढून टाकलं, थोडी जागा ठेवून पुन्हा लावलं आहे. कर्ज अजून आहे. पुडीबद्दल भाऊजींनी मला एकदाच विचारलं, "आमटी कसली होती त्या दिवशी?" मटकीची, मी म्हणाले. मटकीची आमटी ते अजून खात नाहीत.

फवारणीच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला असते. परवा बागेवर तेल्या दिसला म्हणून भाऊजींनी किल्ली मागितली. मी दिली आणि दारात उभी राहिले. हवी ती बाटली काढून त्यांनी कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "आत चार उरल्यात. मोजून घ्या वहिनी." मी कुलूप उघडून मोजल्या. चारच होत्या.