आकडा बोलू लागला

या स्मरणिकेत सोहळ्यांची व सत्कारांची नोंद होईलच. विज्ञान मंडळाच्या वतीने आम्ही एका लहानशा शोधाची नोंद करू इच्छितो.

वसतिगृहातील एका अल्पदृष्टी विद्यार्थ्याला मोर्सचे संकेत आम्हां सर्वांपेक्षा लवकर उमगत. परंतु याएसू एफटी-८१७ या ५ वॅटच्या हौशी रेडिओ संचावरील आकडे इतके बारीक, की वारंवारता जाणण्यासाठी त्याला प्रत्येक वेळी सोबत्याला हाक मारावी लागे. "सर, आकडा कोणी बोलून दाखवला, तर मी एकटा बसेन," असे तो म्हणाला. संच संगणकाला जोडून हॅमलिब या मुक्त सॉफ्टवेअरने वारंवारता वाचावी आणि एनव्हीडीए या पडदावाचकाने ती उच्चारावी, अशी योजना आम्ही आखली. केबल जोडली, संच मात्र मौनच राहिला.

"संच बिघडला" हा निष्कर्ष सर्वांत सोपा होता, पण त्याला पुरावा नव्हता. म्हणून आम्ही मार्गाचे चार टप्पे केले: सॉफ्टवेअर, पोर्ट, केबल आणि संच. केबल लावताच संगणकाच्या यादीत नवा पोर्ट दिसत होता, म्हणजे ड्रायव्हर ठीक होता. एक पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामच्या ताब्यात राहतो. म्हणून नोंदवहीचा प्रोग्राम बंद केला. तरीही उत्तर नाही. मग केबलच्या संचाकडील टोकाला पाठवणारी व स्वीकारणारी तार एकमेकींस जोडली. पाठवलेली अक्षरे जशीच्या तशी परत आली. केबल निर्दोष ठरली.

उरला संच. त्याच्या मेनूत संवादाचा वेग ४८०० होता, तर सॉफ्टवेअर ३८४०० ने बोलत होते. दोन्हीकडे ४८०० व दोन स्टॉप बिट ठेवताच चित्र पालटले. ०० ०० ०० ०० ०३ हे पाच बाइट गेले आणि ०० ७१ ०० ०० ०० हे पाच परत आले. पहिले चार बाइट म्हणजे ७.१०० मेगाहर्ट्झ, शेवटचे शून्य म्हणजे एलएसबी. खोलीत तो आकडा मोठ्याने उमटला.

आणखी एक अडचण उरली होती. परवानाधारक शिक्षकांनी प्रक्षेपण सुरू केले, की संगणकाचा संपर्क तुटे. अँटेनाऐवजी डमी लोड जोडून पाहिले, तर तो टिकून राहिला. याचा अर्थ, अँटेनातून निघालेली रेडिओ ऊर्जा केबलमध्ये शिरत होती. अँटेना टेबलापासून दूर नेली, केबलचे काही वेढे फेराइटच्या कड्यातून घेतले आणि संपर्क स्थिर झाला.

या कामाला फेराइटच्या कड्यापलीकडे काहीही खरेदी करावे लागले नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय घडले ते लिहायचे आणि मगच पुढे जायचे, एवढीच शिस्त पाळावी लागली. ती वही आम्ही पुढील तुकडीसाठी संचाशेजारी ठेवली आहे.

तो विद्यार्थी आता परवाना परीक्षेची तयारी करीत आहे. तोवर प्रक्षेपण शिक्षकांकडे आणि श्रवण त्याच्याकडे. तो स्वतः डायल फिरवतो, संगणक आकडा सांगतो, आणि त्याचा सोबती शेजारच्या बाकावर निश्चिंतपणे आपला अभ्यास करतो.