निर्धाव षटकांचा हिशेब

इंदुरात क्रिकेटच्या जुन्या गोष्टी निघाल्या, की त्या बहुधा धावांच्याच असतात. 1945-46 च्या हंगामात होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध आठ गडी गमावून 912 धावा केल्या आणि त्या एका डावात सहा फलंदाजांनी शतके झळकावली, हे आम्ही इंदूरकर अभिमानाने सांगतो. धावा रोखणाऱ्याची कथा मात्र क्वचितच कानी पडते. म्हणून अशा एका गोलंदाजाचा हिशेब आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

हे गोलंदाज म्हणजे नाशिकचे बापू नाडकर्णी. जानेवारी 1964 मध्ये मद्रासच्या कसोटी सामन्यात इंग्लंडच्या पहिल्या डावात त्यांनी 32 षटके टाकली. त्यांपैकी 27 निर्धाव होती. धावा दिल्या अवघ्या पाच! त्यांत सलग 21 षटके निर्धाव गेली. लागोपाठ 131 चेंडूंवर एकही धाव निघाली नाही. सरावाच्या वेळी खेळपट्टीवर नाणे ठेवून ते नेमके त्यावरच चेंडू टाकीत, असे सांगतात.

परंतु एका दिवसाच्या पराक्रमावरून गोलंदाजाची योग्यता ठरवू नये. नाडकर्णींनी 1955 ते 1968 या काळात 41 कसोटी सामने खेळून 88 बळी मिळविले आणि दर षटकामागे सरासरी सुमारे 1.67 धावा दिल्या. त्या काळी फलंदाजच संथ खेळत, असा आक्षेप कोणी घेईल. म्हणून त्यांची तुलना त्यांच्याच पिढीतील सहकाऱ्यांशी केली पाहिजे. सुभाष गुप्ते यांची हीच सरासरी 2.34, प्रसन्ना यांची 2.40, बिशनसिंग बेदी यांची 2.14, तर चंद्रशेखर यांची 2.70 आहे. परदेशांत पाहू गेल्यास दक्षिण आफ्रिकेच्या ट्रेव्हर गॉडर्ड यांची सरासरी मात्र नाडकर्णींहूनही किंचित कमी भरते.

मग नाडकर्णी या सर्व भारतीयांत श्रेष्ठ ठरतात काय? येथे हिशेबाची दुसरी बाजू पाहणे प्राप्त आहे. एक बळी मिळविण्यास नाडकर्णींना सरासरी 104 चेंडू लागत. चंद्रशेखरांना अवघे 66. मद्रासच्या त्या डावातही नाडकर्णींना एकही बळी मिळाला नव्हता. पाच गडी बाद केले ते चंदू बोर्डे यांनी, आणि सामना अखेर अनिर्णित राहिला.

तरीही एक गोष्ट आम्हांस मोठी नवलाची वाटते. एका बळीमागे नाडकर्णींनी 29.07 धावा मोजल्या, तर चंद्रशेखरांनी 29.74. एकाने पै-पै राखून सावकाश सौदा केला, दुसऱ्याने सढळ हाताने खर्च करून तो झटपट उरकला. आणि वस्तूची किंमत दोघांनाही जवळजवळ सारखीच पडली!

मात्र कसोटी सामना पाच दिवसांचा असतो, आणि तेथे वेळेलाही मोल आहे. 1971 साली ओव्हलवर चंद्रशेखरांनी 38 धावांत सहा बळी घेऊन इंग्लंडला 101 धावांत गुंडाळले व भारतास विजयाचा मार्ग मोकळा करून दिला. असे काम नुसत्या निर्धाव षटकांनी होत नाही. उलटपक्षी, एका टोकाकडून धावा मिळेनाशा झाल्या म्हणजे फलंदाज उतावीळ होतो आणि दुसऱ्या टोकाकडील गोलंदाजाच्या हाती सापडतो. असे बळी धावफलकावर दुसऱ्याच्याच नावे लागतात. त्यांत नाडकर्णींचा वाटा किती, हे कोणतीही सरासरी सांगू शकत नाही.

शिवाय ते केवळ धावा रोखणारेच होते असेही नव्हे. 1964 सालीच मद्रासला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत मिळून अकरा बळी घेतले. 1968 मध्ये भारताने न्यूझीलंडमध्ये परदेशातील आपली पहिली कसोटी मालिका जिंकली, तेव्हा वेलिंग्टनला एका डावात 43 धावांत सहा बळी घेऊन त्यांनी त्या विजयास हातभार लावला.

17 जानेवारी 2020 रोजी बापू नाडकर्णी निवर्तले. विद्यार्थिमित्रांनो, धावफलकात षटके, धावा व बळी यांच्यासोबत निर्धाव षटकांचाही एक रकाना असतो. आपली नजर बहुधा त्यावरून निसटून जाते. पुढील सामन्याच्या वेळी तो अवश्य वाचा. आणि त्यातला आकडा मोठा दिसला, तर त्याच वेळी दुसऱ्या टोकाकडून बळी कोण घेत होता, हेही पाहा.