जामीनकी

तीस वर्षें आम्हीं वर्गांत शेक्सपिअरचा अँटोनिओ शिकविला; पण दुसऱ्यासाठीं जामीन राहणाऱ्याच्या पोटांत काय कालवतें, हें गेल्या पावसाळ्यांतच कळलें.

एके सायंकाळीं एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील आमच्याकडे आले. परदेशीं नोकरीचें आमिष दाखवून मित्रास फसविल्याच्या आरोपावरून मुलगा अटकेंत होता. घर आधींच गहाण पडलेलें. "सर, आपण जामीन राहावें," एवढेंच बोलून ते निथळती छत्री घेऊन दारांतच उभे राहिले.

मुलाची हकीकत अशी. बँकॉकला नोकरी म्हणून तो गेला, आणि मोई नदीपलीकडे म्यानमारांतील म्यावड्डीच्या एका आवारांत कोंडला गेला. पासपोर्ट काढून घेतलेला; काम, संगणकावरून परक्यांस ठकविण्याचें. आणखी माणूस आण म्हणजे सुटशील, असें त्यास सांगण्यांत आलें. त्यानें गांवच्या मित्रास लिहिलें. तोहि आमचाच विद्यार्थी. त्याच्या आईनें बांगड्या मोडून पैसे भरले. २०२५ च्या मार्चांत वायुदलाच्या विमानांनीं दोन दिवसांत ५४९ भारतीय परत आणले, त्यांत हे दोघेहि होते.

ज्यानें मुंबईंत पैसे घेतले त्याचा पत्ता नाहीं. ज्यास पत्ता आहे तो कोठडींत! विनापरवाना माणसें धाडण्यास १९८३ च्या परदेशगमनाच्या कायद्यान्वयें फार तर दोन वर्षें कैद. माणसांच्या अपव्यापारास भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमान्वयें कमींत कमी सात. आमच्या विद्यार्थ्यावर दोन्हीं आरोप होते. जामीन हा नियम व तुरुंग हा अपवाद, असें न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं १९७७ सालींच सांगितलें. तें आम्हांस पटतेंहि. परंतु फसलेला मुलगा शेजारच्याच आळींत राहतो. त्याच्या आईस हा रोज वाटेंत दिसणार, याचें काय?

न्यायाधीशांनीं जामीन मंजूर केला: साक्षीदाराशीं बोलूं नये, पासपोर्ट जमा करावा. (जमा करावयास तो होता कोठें? म्यावड्डींतच राहिला!) आम्हीं सही केली.

बाहेर पायरीवर ती माउली उभी होती. तिनें पदर सारखा केला, नमस्कार केला, आणि "सर, सुटला का तो?" असें विचारलें. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, तारखेस हजर राहण्याची हमी, हें आम्हीं तिला दोनदां समजाविलें.

"मग तारखेला तुम्ही त्याला आणाल ना?"

आणूं, असें आम्हीं म्हटलें.