मद्रासची सिल्व्हिया

सिल्व्हियाची घनता पाण्याच्या दीडपटही नाही, हे वाचलं आणि पुढचं पान उलटेना. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्याच्या पार बाहेरच्या कडेला फिरणारा, लांबीला साडेतीनशे किलोमीटरच्या वर असलेला काळाकुट्ट लघुग्रह, आणि इतका हलका! साधा दगडसुद्धा पाण्याच्या अडीच-तीनपट भरतो. म्हणजे हा अखंड खडक नव्हे. बहुधा कधीकाळी फुटलेल्या कुणाचे तरी तुकडे पुन्हा गोळा झाले, ओतलेल्या खडीसारखे, मधल्या फटींसकट. तरीही सव्वापाच तासांत एक गिरकी.

तिचं वजन कळलं ते तिच्या चंद्रांमुळे. रोम्युलस 2001 मध्ये सापडला, रीमस 2005 मध्ये जाहीर झाला. दोन चंद्रांचा लघुग्रह तोवर कुणालाच ठाऊक नव्हता.

आणि ही सिल्व्हिया सापडली मद्रासला, 16 मे 1866 रोजी. नुंगमबाक्कमच्या वेधशाळेत नॉर्मन पॉगसन दुर्बिणीला डोळा लावून बसत. मे महिन्यातलं मद्रास, अंगाला चिकटणारी हवा, आणि समोर ताऱ्यांचा नकाशा. नकाशात नसलेला ठिपका शोधायचा आणि तो सरकतो का ते पाहायचं.

ते पाहणं काय असतं, हे मला वेस्टा या लघुग्रहाने शिकवलं. गावच्या घराच्या गच्चीवर चटई टाकून, बायनॉक्युलर पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर टेकवून मी वहीत पाच ठिपके काढले होते. टॉर्चला लाल जिलेटिन गुंडाळलेलं, पेन्सिलीचं टोक बोथट. खालून आईची हाक, "अगं, दव पडतंय, खाली ये." दोन रात्रींनी पुन्हा पाहिलं, तर चार ठिपके जागच्या जागी आणि पाचवा बाजूला सरकलेला. शेजारच्या काकांना उठवून दाखवलं. त्यांनी खूप वेळ पाहिलं आणि विचारलं, "हा रोज चालतो?" मला छायाचित्रांतून सापडलेल्या हजारो लघुग्रहांपेक्षा असे डोळ्यांनी पकडलेले जास्त जवळचे वाटतात.

ताऱ्यांच्या तेजाच्या लगतच्या दोन प्रतींमधलं 2.512 हे गुणोत्तरही पॉगसन यांचंच. पण मद्रासचं नाव घेताना त्यांचे सहायक चिंतामणी रघुनाथाचारी यांना विसरू नये. 'आर रेटिक्युली' हा रूपविकारी तारा त्यांनी शोधला. 1874 च्या शुक्राच्या अधिक्रमणाआधी लोकांना ते समजावं म्हणून त्यांनी पुस्तिका लिहिली, इंग्रजीखेरीज भारतीय भाषांतही. ती मला वाचायची आहे.