वीज, पाणी आणि सातू

'गाळणे' हे आपल्या भाषेतील एक विलक्षण क्रियापद आहे. ते घामालाही लागते आणि दारूलाही. घाम गाळणाऱ्याला आपण मान देतो, दारू गाळणाऱ्याकडे पाठ फिरवतो. आम्ही उभयता गेली काही वर्षे आमच्या गॅरेजमध्ये जे करतो ते यांपैकी कोणत्या खात्यात जमा करावे, असा पेच वसईतल्या आमच्या नातलगांना पडला आहे. आम्ही मँचेस्टरजवळ राहतो आणि घरच्या घरी बिअर करतो. तीही स्वतः जुळवलेल्या विजेच्या भट्टीवर. 'भट्टी' हा शब्दही तसा बदनामच. पण दुसरा सुचत नाही.

आधी कायद्याचे सांगून टाकतो. इंग्लंडमध्ये घरी बिअर करण्यासाठी पूर्वी परवाना लागत असे. १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ही अट काढून टाकली. तेव्हापासून घरापुरती बिअर करण्यास मोकळीक आहे. तिचा एक पेलाही विकता मात्र येत नाही. आपल्या महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा वाचकांनी हा लेख पाककृती म्हणून वाचू नये, ही विनंती.

विजेचीच भट्टी का? येथील हिवाळ्यात गॅरेजचे दार उघडे ठेवून काम करता येत नाही आणि बंद जागेत गॅसची मोठी शेगडी तासन् तास पेटती ठेवली, तर कार्बन मोनॉक्साइड साचण्याची भीती. त्या वायूला ना रंग, ना वास. विजेला ज्वाला नाही, धूर नाही. शिवाय या भट्टीला या गावाचा एक जुना आशीर्वाद आहे, असे आम्ही गमतीने म्हणतो. तारेतून वीज वाहताना किती उष्णता निर्माण होते, याचा नियम १८४१ साली मांडणारे जेम्स प्रेस्कॉट जूल हे मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डचे आणि बिअर करणाऱ्या घराण्यातलेच. घरच्या धंद्यात वाढलेल्या या माणसाने उष्णता मोजण्यात आयुष्य घालवले, आणि आज ऊर्जेचे एकक त्यांच्या नावाने ओळखले जाते.

आमची मांडणी साधी आहे. ५० लिटरचे स्टेनलेस स्टीलचे एक पातेले, त्याच्या बुडाजवळ पाण्यात बुडून राहणारे २.७५ किलोवॅटचे हीटर, जाड कापडाची एक पिशवी, एक छोटा पंप आणि भिंतीवर नियंत्रणाची पेटी. पहिला आराखडा आम्ही जेवणाच्या टेबलावर वहीत काढला. ३० लिटर पाणी १० अंशांवरून ७० अंशांवर न्यायचे, तर सुमारे ७,५०० किलोजूल उष्णता हवी. हीटर सेकंदाला पावणेतीन किलोजूल देतो. म्हणजे पाऊण तास. प्रत्यक्षात पातेल्याच्या अंगातून थोडी उष्णता निसटते, म्हणून आम्ही त्याला जुन्या गोधडीसारखे वेष्टन शिवले.

पेटीतले काम अधिक जोखमीचे होते. येथील घरगुती प्लग १३ अँपिअरचा असतो. आमचे हीटर १२ अँपिअरच्या आसपास घेते, आणि तेही सलग काही तास. त्यामुळे साधा प्लग तापत राहतो. म्हणून परवानाधारक वायरमनकडून गॅरेजसाठी स्वतंत्र लाइन ओढून घेतली आणि कारखान्यात असते तसे १६ अँपिअरचे निळे सॉकेट बसवले. आपल्याकडचे वायरमन ज्याला 'ईएलसीबी' म्हणतात, तसे गळतीची वीज ओळखणारे उपकरणही लावले. ३० मिलिअँपिअरची गळती झाली, तरी ते क्षणार्धात प्रवाह तोडते. पातेल्याला पक्के अर्थिंग दिले. पाणी आणि वीज यांची सोयरीक जुळवायची, तर मध्यस्थ खमके हवेत.

पातेल्यातला संवेदक तापमान कळवतो, नियंत्रक ते ताडून पाहतो आणि रिलेला हुकूम सोडतो. रिले हीटर चालू-बंद करतो. या इलेक्ट्रॉनिक रिलेची एक खोड आहे. तो बिघडला, की बहुधा 'चालू' अवस्थेतच अडकून बसतो. नियंत्रक 'पुरे' म्हणत राहतो आणि हीटर तापतच राहतो. म्हणून त्याच्या आधी हाताने फिरवायचा एक मोठा लाल खटका ठेवला आहे.

पुढची कृती ही बरीचशी निसर्गाचीच. मोड आणून वाळवलेले सातू भरडून, साडेचार किलो भरड पिशवीत घालून गरम पाण्यात सोडायची आणि तासभर ६६ अंश राखायचे. सातूमधली विकरे पिठाची साखर करतात. तापमान खाली राहिले, तर बिअर कोरडी होते. वर गेले, तर अंगाने जड होते. मग पिशवी निथळून काढायची, हॉप्सची कडवट फुले टाकून तासभर उकळायचे. त्या तासात तीन-एक लिटर पाण्याची वाफ होते; ती बाहेर नेण्यासाठी पंखा लावला, नाहीतर छपरातून पाऊस पडतो. शेवटी तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यातून थंड पाणी फिरवून सारे २० अंशांवर आणायचे आणि यीस्टच्या स्वाधीन करायचे. दोन आठवड्यांत घनता १.०४६ वरून १.०११ वर येते. म्हणजे मद्यार्क सुमारे साडेचार टक्के. अर्ध्या लिटरच्या चाळीसेक बाटल्या भरतात.

आमच्या नळाचे पाणी मऊ. बर्टन या गावचे पाणी जिप्समयुक्त, आणि त्या पाण्यावरची फिकट बिअर एकोणिसाव्या शतकात गलबतांतून कलकत्त्याला, मुंबईला जात असे. तशी चव हवी, तर आम्ही पाण्यात चमचाभर जिप्सम घालतो. मुंबईच्या वाटेवरची ती बिअर आम्ही मुंबईहून उलट येऊन करतो, याची मौज वाटते.

ही झाली मौजेची बाजू. दुसरी बाजू वसईत होती. आमच्या घरी 'भट्टी' म्हणजे हातभट्टी. बाबांनी तिच्यापायी केळीची वाडी विकली आणि पन्नाशी पुरती होण्याआधी यकृत गमावून ते गेले. आईंनी त्यानंतर घरात ख्रिसमसची वाइनसुद्धा येऊ दिली नाही. फोनवर त्यांना ही गोष्ट कळली, तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "जी घरातून घालवायला माझा जन्म गेला, ती तुम्ही दोघं हातानं शिजवता?"

कुटुंबातल्या एका वडीलधाऱ्यांनी आमची वकिली केली. सेंट गॉलच्या मठाच्या नवव्या शतकातील आराखड्यात बिअर करण्याच्या तीन जागा दाखवल्या आहेत, जुन्या रोमन विधिग्रंथात बिअरवर म्हणायची आशीर्वादाची प्रार्थनाही आहे, असे त्यांनी आईंना सांगितले. आईंनी ऐकून घेतले. "ती प्रार्थना मठातल्या माणसांसाठी," त्या म्हणाल्या, "आपलं घर काही मठ नव्हतं."

२०१८च्या उन्हाळ्यात त्या आमच्याकडे राहायला आल्या. एका शनिवारी खुर्ची घेऊन गॅरेजमध्ये बसल्या. सगळे पाहिले. लाल खटका कशासाठी, असे विचारले. रिलेची खोड आम्ही सांगितली. त्यांनी खटक्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "तुमच्या बाबांना असा खटका नव्हता." आमच्याजवळ त्यावर उत्तर नव्हते.

आम्ही त्यांच्यासमोर वही ठेवली. तीत सातू आणि तापमानाबरोबर प्रत्येक बाटलीची नोंद असते: कधी उघडली, कोणासोबत. एकट्याने उघडायची नाही, प्रायश्चित्तकाळात एकही नाही. ज्या महिन्यात आम्हा दोघांपैकी कोणाला नोंद करणे टाळावेसे वाटेल, त्या महिन्यात पातेले विकायचे, असे पहिल्या पानावर दोघांच्या सह्यांनिशी लिहिले आहे. आईंनी पाने उलटली. बाटलीला हात लावला नाही, शाबासकीही दिली नाही. पिशवीतला उरलेला चोथा मात्र वाया जाऊ दिला नाही. तो वाळवला, दळला आणि तांदळाच्या पिठात मिसळून भाकऱ्या केल्या. त्या जराशा गोडसर लागल्या.

आईंचे मत बदलले असे आम्ही म्हणणार नाही, आणि ते बदलावे असा आमचा आग्रहही नाही. ज्या घराने दारूचे घाव सोसले, त्या घरात कोणीतरी सदैव संशयाने पाहणारे असावे, हे योग्यच आहे. तंत्राने तापमान राखता येते, गळती ओळखता येते, प्रवाह तोडता येतो. 'पुरे' म्हणण्याचे काम मात्र कोणत्याही पेटीत बसवता येत नाही. ते दररोज, माणसानेच, आपल्या हाताने करायचे असते. वही अजून चालू आहे. आई फोन करतात, तेव्हा प्रकृती विचारल्यावर त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो: "नोंदी लिहिता ना?"