किंकेलिबाची जुडी

सेनेगलच्या बाजारात किंकेलिबा जुडीने विकतात. पानं डहाळीसकट वाळवलेली. हल्ली टी-बॅगाही निघाल्यात. पण जुडीत पान कोवळं की जून, अख्खं की किडकं, हे डोळ्यांना दिसतं. वनौषधी हाताळणाऱ्याचं निम्मं कसब या निवडीतच असतं. भुकटी झाली की निवडायचं काय?

झुडूप दिसायला किरकोळ. शास्त्रीय नाव कॉम्ब्रेटम मायक्रँथम. आपले हिरडा-बेहडा त्याच्याच कुळातले, आणि कुंपणावर चढणारी मधुमालती तर थेट सख्ख्या नात्यातली. फळाला चार पंख. सेनेगलपासून नायजरपर्यंतच्या सवानात, मुरमाड जमिनीवर ते तग धरतं. नियामेजवळच्या पठारांवर विमानातून वाघाच्या अंगासारखे पट्टे दिसतात, एक झुडपांचा, एक उघड्या जमिनीचा. उघड्या पट्ट्यातली माती टणक. पावसाचं पाणी तिथे मुरत नाही, वाहत खालच्या झुडपांना मिळतं. त्या झुडपांत किंकेलिबा भरपूर.

पानं उकळून काढलेलं तांबूस पाणी, साखर घालून, सकाळी पावासोबत घेतात. रमजानात रोजा सोडतानाही तेच. शिवाय लघवी साफ व्हावी म्हणून, तापावर, खोकल्यावर, यकृताच्या तक्रारींवर. पेय कुठे संपतं आणि औषध कुठे सुरू होतं, याची फिकीर घरातल्या बायका करत नाहीत.

फ्रेंचांनी ती केली. हिवतापात, विशेषतः क्विनीन अनियमित घेणाऱ्यांत, कधी कधी तांबड्या पेशी फुटायच्या, लघवी काळी व्हायची, माणूस दगावायचा. १९व्या शतकाच्या अखेरीस त्यावर किंकेलिबाचा काढा सुचवला गेला. मार्सेच्या एदुआर एकेल यांनी त्यावर लिहिलं, आणि रँबो या मिशनऱ्याच्या स्मरणार्थ झुडपाचं शास्त्रीय नावही ठेवलं. ते नाव टिकलं नाही. लघवी वाढवणाऱ्या काढ्याकडून एवढी अपेक्षा तशी जास्तच होती.

मालीच्या सरकारी पारंपरिक वैद्यक विभागाने अपेक्षा आवाक्यात ठेवली. याच पानांपासून केलेलं त्यांचं 'हेपाटिझान' अपचन आणि यकृताच्या तक्रारींपुरतंच. इथे पुन्हा भुकटी आलीच, पण निवड आधी जाणकारांच्या हातून झालेली. त्याच विभागाचं आमांशावरचं 'डिसेन्तेराल' बनतं ते मोठ्या नायटीपासून. आपल्याकडे बांधावर उगवते आणि खुरप्याने काढून फेकली जाते, तीच.